वाकड्या मानेची कवडी

कवडीचं पहिलं आजारपण देवीचं. गणपती होऊन पाऊस ओसरला की आमच्या संगमेश्वराकडच्या वाडीत डास माजतात आणि त्यांच्यामागून कोंबड्यांच्या देवी येतात. २००४ साली कवडी जेमतेम तलंग होती, अजून अंड्यावर आलेली नव्हती. तुऱ्यावर आधी बारीक पांढुरके फोड उठले, मग त्यांच्या काळसर खपल्या झाल्या आणि आठवड्याभरात दोन्ही डोळ्यांच्या कडा अशा सुजल्या की पापण्या उघडेनात.

देवीने मोठी कोंबडी सहसा मरत नाही. मरते ती उपासमारीने. डोळे मिटलेल्या कोंबडीला दाणा दिसत नाही, बाकीच्या तिला टोचून हाकलतात आणि ती खुराड्याच्या कोपऱ्यात उभ्याउभ्या वाळते. म्हणून सासूबाईंनी तिला वेगळी काढून पडवीत डालग्याखाली ठेवली. कोमट मिठाच्या पाण्याने डोळे पुसायचे, खपल्यांना खोबरेलात कालवलेली हळद लावायची आणि मऊ भाताच्या गोळ्या चोच उघडून आत सारायच्या. हळदीने देवीचा विषाणू मरत नाही. पण खपल्या मऊ राहतात, चिघळत नाहीत, आणि तेवढ्या दिवसांत कोंबडीचं शरीर आपली लढाई आपण लढतं. महिनाभराने खपल्या गळून पडल्या. डाव्या डोळ्याखाली पांढरा वण राहिला तो कायमचा.

ती होती साधी गावठी, तांबूस अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके असलेली. त्या महिन्यात माणसाच्या हाताची सवय झाली, ती सुटली नाही. सूप वाजलं की बाकीच्या कोंबड्या खळ्यात धावायच्या आणि कवडी पायरी चढून थेट पडवीत, सासूबाईंच्या पायाशी. त्या तांदूळ निवडत बसलेल्या असल्या की ही शेजारी पाय दुमडून बसे, आणि कणी पडली की मगच मान पुढे करी. अंडं घालायलाही तिने खुराडं कधी पसंत केलं नाही. माळ्यावर पेंढ्याच्या भाऱ्यांमागे तिची जागा ठरलेली होती. तिथून खाली उतरताना तिचा जो कलकलाट चाले, तो ऐकून मुलं शिडी धरायला धावत.

पौषात ती खुडूक बसली. खुडूक कोंबडी जवळून पाहावी अशी असते. एकवीस दिवस ती अंड्यांवर असते. दिवसातून एकदा उठते, घाईने चार दाणे टिपते, पाणी पिते, न्हाणीच्या चुलीजवळच्या राखेत अंग घोळते आणि अंडी गार व्हायच्या आत परत जाते. राखेत लोळण्याला फार महत्त्व आहे. एकाच जागी बसलेल्या कोंबडीच्या पिसांत उवा आणि पिसवा इतक्या वाढतात की काही कोंबड्या रक्त आटून अंड्यांवरच मान टाकतात. सासूबाई अंड्यांखाली निर्गुडीचा पाला घालत आणि राखेत पाणी पडू देत नसत.

अकरा पिल्लं निघाली. वारुळ फोडून वाळवी आणायची आणि पिल्लांपुढे टाकायची, हे मुलांचं काम. घारीने दोन नेली. कवडी तिच्यावर अंगणभर उडून गेली होती, पण घार खाली येते आणि जाते यात श्वास घेण्याइतकाच वेळ असतो. एक दुपारी मुंगसाने धरलं. पुढे एका रात्री उदमांजराने डालग्याची कड उचकटली आणि सकाळी फक्त तीन पिल्लं आईच्या पंखाखाली होती. अशी गळती प्रत्येक घरात होते. पिल्लं मोजायची ती पावसाळा संपल्यावर, असं आमच्याकडे म्हणतात, त्यात खोटं काहीच नाही.

या सगळ्याला आम्ही सरावलो होतो. मानमोडीला कोणी सरावत नाही.

२००५ च्या शिमग्याला पालखी घरोघर येणार म्हणून वाडीत बाजारातून कोंबडे आले. त्यातला एक आल्यापासून मलूल होता. सणानंतरच्या आठवड्यात वरच्या घरातल्या कोंबड्या पंख गाळून उभ्या राहू लागल्या. हिरवट पांढरी पातळ हगवण, उघड्या चोचीने घरघरत घेतलेला श्वास, निळसर पडलेला तुरा. नंतर काहींची मान पाठीकडे वळली, काही एकाच जागी गोल फिरू लागल्या. "मर लागली," एवढंच लोक म्हणाले. चार दिवसांत ती आमच्या दारात आली.

राणीखेत म्हणतात तो हाच रोग. कुमाऊंमधल्या राणीखेतला १९२७ च्या सुमारास तो आपल्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला. लस न टोचलेल्या कळपात तो शिरला की शंभरातल्या नव्वद कोंबड्याही जाऊ शकतात, आणि एकदा लागण झाली की त्यावर औषध नाही. तो पसरतो कसा, हे त्या पंधरवड्यात मी डोळ्यांनी पाहिलं. आजारी कोंबडी मरण्याआधी कापून खाल्ली जाते. तिची पिसं, आतडी आणि धुतलेलं पाणी परसात पडतं. मेलेली पऱ्ह्यात टाकली जाते, तिथून कुत्रं ती दुसऱ्याच्या अंगणात ओढून नेतं. एखादी बाई उरलेल्या दोन कोंबड्या तरी वाचाव्यात म्हणून माहेरी पोचवते, आणि रोग त्या गावात पोचतो. यातलं कोणीही वाईट हेतूने करत नाही. घामाने वाढवलेलं डोळ्यांदेखत फुकट जाऊ नये, एवढीच त्यामागची धडपड असते.

आमच्या काळीने, भुरकीने, लाल तुऱ्याच्या कोंबड्याने आणि कवडीच्या तिन्ही पिल्लांनी मान टाकली. आम्ही परसाच्या टोकाला खोल खड्डा काढून चुना टाकून त्यांना पुरलं. कवडी पाच दिवस काही न खाता पडून होती. सासूबाई कापसाच्या बोळ्याने चोचीत गूळपाणी सोडत. सहाव्या दिवशी ती उठली तेव्हा तिची मान डावीकडे वळून डोकं जवळजवळ उलटं झालं होतं. विषाणू मज्जासंस्थेपर्यंत गेला की वाचलेल्या कोंबडीतही हे व्यंग राहून जातं.

वाचली खरी, पण जगायचं कसं? दाण्यावर नेम धरून ती चोच मारी आणि चोच बोटभर बाजूला पडे. पुन्हा मारी, पुन्हा बाजूला. जमिनीवर टाकलेल्या मूठभर दाण्यांतले दोन-तीन तिच्या तोंडी लागत. तिचं वजन हातात धरल्यावर जाणवेनासं झालं. सासूबाईंनी मग जुनं खोलगट पातेलं काढलं आणि ते कण्यांनी काठोकाठ भरलं. आता चोच कुठेही पडली तरी कण्यांतच पडत होती. पाण्यासाठीही तसंच खोल भांडं. या एका पातेल्याने ती जगली. मान हळूहळू थोडी सरळ झाली, पूर्ण कधीच झाली नाही.

दोन महिने अंडं नव्हतं. मग आलं ते वेडंवाकडं, हातात धरताच दबणारं. तिसऱ्यांची शिंपलं पाट्यावर कुटून तिच्या कण्यांत मिसळू लागलो, तसं कवच धरू लागलं. पुढच्या थंडीत ती पुन्हा खुडूक बसली आणि आम्ही श्वास रोखून तिला अंड्यांवर बसवलं. सात पिल्लं निघाली. कोंबडी पिल्लांना दाणा दाखवते ती त्यावर चोच टेकवून, आवाज देऊन. कवडी आवाज द्यायची, चोच दाण्याच्या शेजारी आपटायची, आणि पिल्लं चोचीकडे न बघता दाणा उचलायची. पिल्लं तिची चूक सांभाळून घ्यायला शिकली होती.

ती पिल्लं पायात घोटाळत असतानाच फेब्रुवारी २००६ उजाडला. नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. त्या पट्ट्यातल्या मोठ्या पोल्ट्रींबरोबर घरोघरच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. नवापूर आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पण टीव्हीवर पांढऱ्या पोशाखातली माणसं दिसली आणि वाडीने कवडीच्या मानेकडे बघायला सुरुवात केली. शेजारच्या काकी पायरीवरूनच म्हणाल्या, "वहिनी, पोरंबाळं आहेत घरात. त्या वाकडीला आता ठेवू नका." त्यांचं भय खरं होतं. मी कवडीला डालग्यात घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिचे डोळे, श्वास, विष्ठा सगळं तपासलं. "ताई, हिला झाला तो राणीखेत, वर्षापूर्वी. आता हिच्यापासून कुणाला काही नाही. पण तुमच्या वाडीत लस कधी टोचली होती?" कधीच नव्हती. बैलाला, म्हशीला, फार तर शेळीला घेऊन लोक दवाखान्यात जातात. कोंबडीसाठी एसटीचं तिकीट कोण काढणार? त्यात लसीची अडचण वेगळी. पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत राणीखेतची लस तयार होते, ती महाग नाही. पण एका कुपीत शंभर मात्रा. कुपी बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. ज्यांच्या दारात दहा-बारा कोंबड्या, त्यांच्यासाठी कुपी फोडली तर उरलेल्या नव्वद मात्रा ओतून द्यायच्या. मोठ्या पोल्ट्रीला हा प्रश्नच येत नाही. परसातली कोंबडी मरते ती पुष्कळदा या हिशेबात.

आणि तिचं मरण कुणी मोजत नाही, याचा मला राग आहे. म्हैस गेली तर चार माणसं दारात येऊन बसतात, पंचनामा होतो. बारा कोंबड्या गेल्या तर घरातली बाई खड्डा खणते आणि कामाला लागते. मुलाच्या वह्या, स्वतःचं औषध, माहेरी जायचं भाडं हे तिने कुणापुढे हात न पसरता अंड्यांच्या पैशातून केलेलं असतं. त्या वर्षी तिचा अंड्यांच्या पैशांचा डबा रिकामा राहतो, एवढाच त्या मरणाचा दाखला.

डॉक्टर म्हणाले, "शंभर कोंबड्या एका संध्याकाळी एका ठिकाणी आणा, मी कुपी पाठवतो." बर्ड फ्लूच्या भीतीने बायका तयार झाल्या, नाहीतर कुणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. आधी सगळ्यांना जंताचं औषध पाण्यातून दिलं. मग ठरल्या दिवशी तिन्हीसांजेला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की लगेच, डालगी आणि टोपल्या आमच्या खळ्यात जमल्या. आठ आठवड्यांपुढच्या कोंबड्यांना आरटूबी ही लस पंखाखालच्या कातडीत टोचायची. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात ती तयार झाली. लहान पिल्लांना तिचा जोर सोसत नाही, म्हणून त्यांना लासोटा, डोळ्यात एक थेंब. पिल्लू डोळा मिचकावेपर्यंत थांबायचं, मग सोडायचं. आजारी आणि रोडावलेल्या कोंबड्या बाजूला ठेवल्या. सासूबाईंनी कवडीलाही पुढे केलं, तेव्हा दवाखान्यातून आलेले पर्यवेक्षक म्हणाले, "आजी, ती लढून आलीय, तिला नको." काकींनी आपल्या कोंबड्या एकेक करून स्वतः धरल्या.

पुढच्या शिमग्याला बाजाराकडून पुन्हा मर आली. खालच्या गावात कोंबड्या गेल्या, आमच्या वाडीत टिकल्या. पावसात पिल्लांना रक्ती हगवण झालीच; ओल्या तुसावर तिचे जंतू वाढतात, त्यावर कोरडं तूस आणि पाण्यातून औषध हाच इलाज. नागाने अंडी खाल्ली, घार येत राहिली. पण घरंच्या घरं रिकामी झाली नाहीत.

कवडी २००९ पर्यंत जगली. शेवटी अंडं बाहेर पडायच्या ऐवजी पोटातच सांडू लागलं. अंडी घालणाऱ्या जुन्या कोंबड्यांत हे होतं. पोट पाण्याने भरून खाली लोंबू लागलं, ती छाती वर करून, पाय फाकून चालायची. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून मान हलवली. तिला पायरी चढवेना, म्हणून पातेलं खाली आणलं. मार्गशीर्षात एका पहाटे ती गेली. सासूबाईंनी तिला माळ्याखाली, जिथे ती अंडं घालून उतरायची, त्या भिंतीमागे पुरायला लावलं. मी म्हटलं, "आई, घराला इतक्या लागून नको, कुत्री उकरतील." "खोल खण," त्या म्हणाल्या, आणि खड्डा पुरेसा होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

तिच्या त्या सात पिल्लांपैकी दोन तलंगा पुढे काकींकडे गेल्या. वाडीतल्या बऱ्याच कोंबड्यांत आज तिचे ठिपके दिसतात. लसीची संध्याकाळ अजून होते, मार्गशीर्षात, शिमग्याच्या पुष्कळ आधी. यंदा वाडीत शंभर भरत नाहीत. पलीकडच्या बौद्धवाडीला आणि धनगरवाड्यालाही बोलवायचं ठरलंय, आणि बर्फाची पेटी आणायला काकींचा नातू जाणार आहे.