दर्या, दऱ्या आणि दुरुस्तीचा अधिकार

विरारला राहणाऱ्या माणसाने कोणता छंद जोपासावा, हे पुष्कळदा लोकलचे वेळापत्रक ठरवते. चर्चगेटपर्यंतचे सुमारे ६० किलोमीटरचे अंतर रोज दोनदा उभ्याने कापल्यावर हाती उरतात ते रात्रीचे दीड-दोन तास आणि एक रविवार. तेवढ्या वेळात कोणी भजनाला बसतो, कोणी कुंड्यांना पाणी घालतो. आम्ही दुसऱ्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या वाचतो. त्यांत मराठीला कोठे ठेच लागते ते शोधतो आणि साधल्यास दुरुस्ती करून मूळ कर्त्यांकडे धाडतो. यातून अर्थप्राप्ती नाही. घरात या उद्योगाला ‘तुमचं ते लिनक्स’ असे एकच नाव आहे आणि ते फारशा आदराने घेतले जात नाही.

आमच्या या व्यसनाचा आरंभ टपालाने झाला. उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली २००४ साली निघाली आणि मागणी नोंदवली की तिच्या तबकड्या कोणालाही फुकट घरपोच येत. ही सोय २०११ मध्ये बंद झाली. फुकटपणाचे अप्रूप लवकरच ओसरले. टिकून राहिले ते दुसऱ्याच गोष्टीचे नवल : ही प्रणाली वाचता येत होती, बदलता येत होती आणि बदललेली प्रत उजळ माथ्याने शेजाऱ्याला देता येत होती. साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘संहिता’ या शब्दाने जे सुचते, तेच आम्हांला येथे प्रथम दिसले. या अधिकाराचा खरा अर्थ मात्र आम्हांला पुढे पुष्कळ वर्षांनी, निर्मळच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांमुळे कळला.

सरांनी ऐन उमेदीची वर्षे खर्चून सामवेदी बोलीतील शब्द जमवले होते. वसईच्या पट्ट्यात कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांच्या घरांतून बोलली जाणारी ही बोली, जिला कादोडी असेही म्हणतात. शेती, बागायत, नातीगोती, मासळी, समुद्र असे विभाग पाडून त्यांनी ते शब्द संगणकावर स्वतः टंकले होते. तो काळ युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वीचा. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. फाइलीत साठत ती रोमन अक्षरेच, वर मुखवटा मात्र देवनागरीचा. सरांचा फॉन्ट विकतचा होता आणि यंत्राच्या पाठीमागे खोचायच्या एका कुलपाविना तो चालत नसे. यंत्र मोडले, कुलूप हरवले, विकणाऱ्यांनी तो प्रकार केव्हाच बंद केला होता. सरांनी फाइल आमच्यापुढे उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा केरकचरा होता. “शब्द आत आहेत ना रे?” एवढेच त्यांनी विचारले.

शब्द आत होते. कोणा अनोळखी माणसाने भलत्याच फॉन्टसाठी लिहिलेला एक परिवर्तक आम्हांला मिळाला, त्यात फेरफार करण्याच्या परवान्यासकट. त्यातला तक्ता सरांच्या फॉन्टप्रमाणे बदलणे एवढेच काम आहे, असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात तीन महिन्यांचे रविवार गेले. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, युनिकोडात ती नंतर येते. रफार जुन्यात अक्षरानंतर येई, युनिकोडात त्यातला र आधी लिहावा लागतो. ही उलटापालट एकेका जोडाक्षरासाठी तपासावी लागली. मध्येच एकदा समुद्राच्या विभागात ‘दऱ्या’ उगवल्या. सरांनी लिहिला होता ‘दर्या’. रफाराच्या जागी आम्ही चुकून अर्धा ऱ योजल्याने अर्नाळ्याच्या पाण्यात डोंगर उभे राहिले होते. हाच अर्धा ऱ युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही ‘दऱ्या’ एकच, यंत्राला मात्र निरनिराळ्या, म्हणून एक शोधली तर दुसरी सहसा सापडत नाही. ‘ॲ’चीही तीच कथा. युनिकोडात त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीचे लेखन अ-वर चंद्र देऊन केलेले असल्याने आजही शोधात निसटते.

या चुका दिसल्या म्हणून सुधारल्या. आमची खरी चूक आम्हांला दिसलीच नव्हती. सरांच्या यादीत काही अक्षरांखाली टिंब होते. टंकताना चुकून बोट पडले असावे अशा समजुतीने आम्ही एका ओळीची आज्ञा लिहून ती सगळी टिंबे पुसली आणि यादी कशी स्वच्छ दिसते याचा आनंद मानला. सरांनी छापील प्रत हाती घेतली, दोन पाने वाचली आणि म्हणाले, “हे आमचं बोलणं नाही. हे तुमच्या पुस्तकातलं आहे.” प्रमाण मराठीत नसलेला उच्चार दाखवण्यासाठी त्यांनी योजलेली ती खूण होती.

प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट नावाचे साधन लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने २००५ साली रचले. सरांची यादी आम्ही पहिल्या दिवसापासून त्यात ठेवली होती, म्हणून टिंबे परत आली. ती सवय नसती तर एका बोलीचे काही उच्चार आम्ही शुद्धलेखनाच्या उत्साहात कायमचे पुसले असते आणि त्याची नोंदही उरली नसती.

तेव्हापासून ज्ञानेश्वरीच्या पाठाचा प्रश्न आम्हांला निराळा दिसू लागला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, पाठभेदांनी बुजबुजलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. ती उपकाराचीच कृती होती. परंतु त्यांनी कोणते पाठ टाकले हे आपल्याला सांगता येत नाही. म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक जुनी पोथी छापली, तेव्हा वादाला तोंड फुटले. आमच्या परिवर्तकाच्या परवान्यात याच्या उलट व्यवस्था आहे. १९९१ सालच्या त्या मसुद्याप्रमाणे बदलाला मुभा आहे. मात्र बदललेल्या फाइलीत आपण बदल केला हे आणि कोणत्या तारखेला केला हे ठळकपणे लिहावे लागते. पोथीच्या शेवटी लेखकू आपले नाव व शक घालत असे, त्याच जातीचे हे कलम. ते आम्ही अनेकदा वाचले होते. कायद्याची औपचारिकता समजून सोडूनही दिले होते.

दुरुस्तीचा अधिकार आम्हांला आजही मोलाचा वाटतो. तो नसता तर सरांचे शब्द त्या कुलपातच राहिले असते. पण ज्याची भाषा आपण दुरुस्त करतो त्याला आपली दुरुस्ती खोडता आली पाहिजे, आणि त्यासाठी आधीचा पाठ शिल्लक असला पाहिजे.

आता यादीच्या चार ठिकाणी चार प्रती आहेत. सरांचा पडद्यावर विश्वास नाही, म्हणून दर महिन्याला आम्ही काही पाने छापून नेतो. ते त्यावर लाल शाईने खुणा करतात आणि आम्ही प्रत्येक खुणेची सरांच्या नावाने, तारखेसह नोंद करतो. गेल्या खेपेला त्यांनी स्वतःचाच एक जुना अर्थ खोडला. आम्ही नवा घातला. जुनाही ठेवला आहे.