जूनची स्लाइड

काल दुपारी मी मायक्रोस्कोपखाली अख्खा जून महिना पाहिला! अजून कुणाला धड सांगून झालेलं नाही, म्हणून आधी लिहूनच काढते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतली कपाटं आवरत होतो. वर्गात विच्छेदन आता होत नाही, पण एका जुन्या लाकडी पेटीत स्लाइडी जपून ठेवलेल्या होत्या. मॅडमनी त्यातल्या दोन माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हींवर तेच लिहिलेलं : सरडा, वृषण. महिना मात्र वेगळा. एकीवर डिसेंबर, दुसरीवर जून. “बघ, काही दिसतंय का,” एवढंच म्हणाल्या.

आधी डिसेंबर. शुक्रनलिका आकसलेल्या. त्यांच्या मधल्या फटींत लायडिग पेशी असतात, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या. फ्रान्ट्स लायडिग या जर्मन शास्त्रज्ञानं १८५० मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. परीक्षेसाठी किती वेळा घोकलंय मी ते! पण इथे त्या सापडेनातच. सापडल्या तेव्हा अगदी सुकलेल्या, केंद्रक गडद आणि चिमलेलं. काही पेशींत गोल रिकाम्या जागा. “अगं, तिथे चरबी होती. स्लाइड करताना झायलीननं विरघळून नेली,” मॅडम म्हणाल्या. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनतं कोलेस्टेरॉलपासून. काम थंडावलं की माल पेशीतच पडून राहतो.

मग जून लावली, आणि मी खुर्चीवरून उठलेच! त्याच पेशी, पण टपोऱ्या, गोल केंद्रकाच्या, ठळक. शेजारच्या नलिका रुंद झालेल्या, आत शुक्राणूंची दाटी. उन्हाची, पावसाची खबर मेंदूला लागते, मेंदू पियुषिका ग्रंथीला जागं करतो, ती रक्तातून निरोप धाडते आणि या पेशी फुलतात. निरोप थांबला की पुन्हा सुकतात. दर वर्षी!

पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या कुंपणावर डोकं नि गळा लालभडक झालेला सरडा हमखास असतो, मान वरखाली करत. तो नर, विणीच्या हंगामातला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून आपण त्याला मोडीत काढतो, रंग बदलतो म्हणून नावं ठेवतो. त्या लाल गळ्यामागे या पेशी आहेत, हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. आणि हंगाम किती नेमका! माती भिजलेली असते, मादीला खड्डा उकरून अंडी घालता येतात, पिल्लांना किडे मिळतात.

सगळ्या प्राण्यांचं असंच असतं का, मी मॅडमना विचारलं. तर नाही! कॅनडातल्या मॅनिटोबात, नार्सिसजवळ, गार्टर साप वसंतात चुनखडीच्या कपारींतून हजारोंनी बाहेर पडतात आणि लगेच मीलन करतात. त्या वेळी नराची वृषणं आकसलेलीच असतात. शुक्राणू आदल्या उन्हाळ्यात बनलेले, हिवाळाभर शरीरात सांभाळलेले. हे ऐकून मी पुन्हा डिसेंबरची स्लाइड लावली. रिकामी वाटलेली ती काच आता किती तरी वेळ बघत बसले.

आणखी दहा महिन्यांच्या स्लाइडी पेटीत आहेत. उद्या सकाळी जानेवारी लावणार आहे. तुमच्या कुंपणावर यंदा लाल गळ्याचा सरडा दिसला, तर पोरांच्या हातातला दगड तेवढा खाली ठेवायला लावा, आणि दहा पावलांवरून त्याच्याकडे बघा.