'संवादा'चे संभाषण

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले आणि १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त ठरवले. तेव्हापासून संशोधक विद्यार्थ्यांकडून आम्ही बहुधा एकच प्रश्न ऐकतो : "सर, टक्के कसे कमी करायचे?" ग्रंथकार नेमके काय म्हणतो, हे विचारणारे विरळाच.

मध्यंतरी मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारावरील एक प्रकरण आमच्यापुढे आले. पहिल्या खर्ड्यात ३८ टक्के साम्य होते, दुसऱ्यात ६. विद्यार्थी निश्चिंत होता. वाचू लागलो, तो मर्ढेकरांची 'लय' 'ताल' झालेली, 'विरोध' 'प्रतिकार' झालेला आणि 'संवाद' चक्क 'संभाषण'! संवाद, विरोध, समतोल ही लयतत्त्वे म्हणजे मर्ढेकरांच्या मांडणीचा कणा. तेथे संवाद म्हणजे घटकांमधील मेळ. दोन माणसांच्या बोलण्याशी त्याचा काही संबंध नाही. यंत्राला यात गैर दिसले नाही. शब्द तेवढे बदललेले. वाक्यांचा सांगाडा, युक्तिवादाचा क्रम, फार काय, उदाहरणेही मूळचीच. म्हणजे चौर्य टळले नव्हतेच, वर अर्थही हरवला होता.

वास्तविक दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडणे ही आपल्याकडे नवी विद्या नव्हे. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये सुमारे ९००० ओव्यांची टीका सिद्ध केली आणि व्यासांचे व भाष्यकारांचे ऋण समारोपात मोकळेपणाने मान्य केले. भाषा सर्वस्वी त्यांची, ऋण मात्र उघड. (टीकेचे आणि प्रबंधाचे प्रयोजन निराळे, हे आम्हांस मान्य आहे.)

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुस्तक मिटून लिहायला सांगितले. मर्ढेकर काय प्रतिपादू पाहतात, कोणत्या मताविरुद्ध आणि कशाच्या आधारे, एवढेच लिहावे. मग पुस्तक उघडून पडताळावे. पारिभाषिक संज्ञा बदलू नयेत, त्या अवतरणचिन्हांत ठेवाव्यात, पृष्ठांक द्यायचाच. त्याहून अवघड प्रश्न सीमारेषेचा. मर्ढेकरांचे म्हणणे कोठे संपले आणि लिहिणाऱ्याचे कोठे सुरू झाले, हे वाचकाला कळले पाहिजे. दीड पानाच्या शेवटी एक तळटीप टांगल्याने ते कळत नाही. क्रियापदही जपून निवडावे लागते. 'म्हणतात', 'सुचवतात', 'गृहीत धरतात' यांत अंतर आहे, आणि 'सिद्ध करतात' असे लिहिले की आपण त्यांच्या बाजूने साक्षच दिली. मर्ढेकर जर रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'तून (१९७४) समजले असतील, तर तेही सांगावे. त्यात कमीपणा कसला?

हा मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतो. पदवीवाचून कायम नोकरीची आशा नाही, आणि प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली. तरीही त्या प्रकरणावर आम्ही स्वाक्षरी केली नाही. त्याला राग आला असावा; बरेच दिवस तो फिरकला नाही. तीन आठवड्यांनी अकरा पानांच्या जागी चार पाने घेऊन आला. शेवटच्या पानावर त्याचा स्वतःचा प्रश्न होता : संवेदनांच्या संघटनेत दिसणारी ही लयतत्त्वे, साहित्यासारख्या अर्थवाही शब्दांच्या कलेत तशीच लागू पडतात काय? या प्रश्नावर आम्हा शिक्षकांतच अद्याप एकमत नाही. पुढच्या वेळी 'सौंदर्य आणि साहित्य' सोबत घेऊन ये, असे त्याला कळवले आहे.