पुस्तक कोणत्या सालचं?

जुनं पुस्तक हातात आलं की आधी पहिलं पान उघडायचं, ही आमच्या वेळची रीत. तिथं दोन-तीन नावं हमखास असायची. वरचं खोडलेलं, मधलं खोडलेलं, खालचं ज्यानं आपल्याला विकलं त्याचं. नावापुढं गाव : उदगीर, निलंगा, कंधार, मुखेड. एखाद्यानं निकालाआधीच नावामागं 'डॉ.' लावून ठेवलेलं असायचं. त्याचं पुढं काय झालं हे कळायला मार्ग नव्हता. पुस्तक मात्र फिरत फिरत आपल्यापर्यंत आलेलं असायचं आणि आपण खाली आणखी एक नाव लिहायचो.

मी अहमदपूरचा. नांदेड-लातूर रस्त्यावरचं गाव, त्यामुळं दहावीला बरे मार्क पडले की पोरासमोर दोनच दिशा : चाकूरमार्गे लातूर, नाहीतर लोह्यामार्गे नांदेड. मी लातूरला गेलो, कारण तिथं मावशी राहायची. नांदेडला मावशी असती तर नांदेडला गेलो असतो. करिअर वगैरे शब्द नंतर आले.

लातूरचा दबदबा तेव्हा राज्यभर होता. राजर्षी शाहू आणि दयानंद या दोन महाविद्यालयांची नावं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत वरचेवर झळकायची आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतही छापून यायचा. पॅटर्न म्हणजे काही जादू नव्हती. बारावीचा अभ्यासक्रम सुट्टीतच सुरू करायचा, दिवाळीच्या आसपास संपवायचा आणि मग फेब्रुवारीपर्यंत पेपर, पेपर आणि पेपर. हात दुखेस्तोवर लिहायचं. मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवरच व्हायचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ३०० पैकी किती, एवढाच हिशेब. राज्याची वेगळी परीक्षा नव्हती, त्यामुळं वेगळी पुस्तकंही नव्हती. पाठ्यपुस्तक, एक डायजेस्ट, शेवटच्या दोन महिन्यांत 'अपेक्षित प्रश्नसंच' आणि कॉलेजच्या सराव पेपरांच्या झेरॉक्स. या झेरॉक्सना नांदेड, परभणीकडं फार मागणी असायची. गावी निघालो की कुणीतरी सांगायचंच, "येताना लातूरचे पेपर घेऊन ये बरं का."

पुस्तकांचा बाजार भरायचा तो एप्रिलमध्ये, दुकानात नव्हे, खोल्यांवर. परीक्षा संपलेली पोरं गादी गुंडाळायच्या आत अकरावीवाले दारात हजर. पहिल्या हाताचं पुस्तक निम्म्या किमतीत, दुसऱ्या हाताचं पाव किमतीत आणि तिसऱ्या हाताचं बहुतेक वेळा एका चहावर. घासाघीस व्हायची, पण एका गोष्टीवर कुणी खळखळ करायचं नाही : पुस्तक चालणार की नाही. चालणारच होतं. प्रश्न असायचा फक्त पानं सगळी आहेत का, हा.

आणि त्या पानांवर पेन्सिल असायची. आम्ही बहुतेक मराठी माध्यमाचे, जिल्हा परिषदेच्या शाळांतले. अकरावी सायन्सला सगळं एकदम इंग्रजीत. पहिल्या सहामाहीत फिजिक्सपेक्षा डिक्शनरीच जास्त चाळली. जुन्या पुस्तकात ते काम कुणीतरी करून ठेवलेलं असायचं. ओळींच्या वर बारीक अक्षरात मराठी अर्थ. समासात चांदण्या. कुठं 'सरांनी तीनदा सांगितलं', कुठं 'हे सोड, कधीच येत नाही'. नवं पुस्तक घेणाऱ्या श्रीमंत पोराला हे मिळायचं नाही. त्याला सगळा धडा सारखाच महत्त्वाचा दिसायचा. आमच्याकडं आधीच्या तिघांनी मिळून चाळून ठेवलेला धडा असायचा. गरिबीत असे फायदे फार थोडे असतात, म्हणून हा लक्षात राहिला.

तरीही काही पुस्तकं नवीनच घ्यावी लागत. मग वर्गणी. माझ्या खोलीवरच्या तिघांनी मिळून एक जाड गाईड घेतलं आणि बाइंडिंगवाल्याकडं नेऊन त्याची शिलाई उसवली. तीन भाग, तीन पुठ्ठे. एकाकडं ऑप्टिक्स, दुसऱ्याकडं करंट, तिसऱ्याकडं उरलेलं, आणि आठवड्यानं अदलाबदल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कित्येक रात्री लातुरात कुणी छताखाली झोपत नव्हतं. आम्हीही मोकळ्या जागेत पथाऱ्या टाकल्या. घाईत बाहेर पडताना प्रत्येकानं आपापला तिसरा हिस्सा उचलला होता, त्यामुळं गाईड पूर्ण शाबूत राहिलं. आमचा ऑप्टिक्सवाला मग दोन महिने गावाकडं होता. त्याच्या घरच्यांनी डब्याच्या पिशवीत पुस्तक घालून एसटीनं पाठवून दिलं. मराठवाड्यात लेकराचा डबा एसटीनं जातो, हे पुण्याच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. कंडक्टर फुकट नेतो आणि स्टँडवर कुणीतरी उतरवून घेतं. अजूनही असंच चालतं.

बारावीनंतर माझा नंबर मेडिकलला लागला नाही, ते जाऊ द्या. पुस्तकांची पेटी मात्र मी जपून घरी आणली, धाकट्या भावासाठी. त्या पेटीवर वडिलांचा फार भरवसा होता. एकाच्या पैशात दोघांचं शिक्षण.

१९९९ साली मेडिकलच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी आली आणि ती पेटी एका दिवसात जुनी झाली. आता सविस्तर उत्तर नको, चारपैकी एक गोल काळा करायचा. आमच्या डायजेस्टात घोटीव उत्तरं होती, पर्याय नव्हते. दुकानांत वस्तुनिष्ठ प्रश्नांचे ठोकळे आले, एकेका विषयाला हजारो प्रश्न. भावानं पेटीतला पेन्सिलीचा मजकूर थोडा वापरला, बाकी रद्दीच्या तागडीत गेलं. तेव्हा वाटलं होतं, बदल झाला, आता पुन्हा पंचवीस वर्षं निवांत.

निवांतपणा फार टिकला नाही. २०१२ आणि २०१३मध्ये अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम बदलला. २०१३च्या मे महिन्यात मेडिकलसाठी देशभराची एकच परीक्षा, नीट, झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द ठरवली, २०१४ला पुन्हा राज्याची सीईटी. मग आलं २०१६. त्या वर्षी दुष्काळात १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली आणि २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं नीट याच वर्षी घ्यायला सांगितलं. पहिला टप्पा १ मे, राज्याची सीईटी ५ मे. घागरींच्या रांगेत उभी असलेली आई आणि नीटसाठी केंद्राची एनसीईआरटीची पुस्तकं शोधत फिरणारा मुलगा, असा तो उन्हाळा. वर्षभर राज्याच्या पुस्तकावर घासलेल्या पोरांनी ऐनवेळी दुसरं पुस्तक धरावं, ही अपेक्षा होती. २४ मेच्या अध्यादेशानं राज्यांना त्या वर्षापुरती सूट मिळाली आणि ती पुस्तकं घेतलेल्यांचे पैसे त्या वर्षापुरते पाण्यात गेले.

पुढं राज्याची, म्हणजे बालभारतीची, नवी पुस्तकं आली : अकरावीला २०१९, बारावीला २०२०. २०२२मध्ये एनसीईआरटीनं आपल्या पुस्तकांतले धडे कमी केले, पण नीटचा अभ्यासक्रम तोच राहिला. त्यामुळं २०२३च्या मुलांना नवं सोडून जुनं पुस्तक शोधावं लागलं. जुन्या पुस्तकाला मान मिळालेलं एवढं एकच वर्ष माझ्या आठवणीत आहे. २०२३च्या नोव्हेंबरात नीटचाही अभ्यासक्रम कमी झाला, वर फिजिक्स-केमिस्ट्रीत प्रयोगांवरचा भाग वाढला, आणि ते जुनं पुस्तकही पुन्हा अर्धं निकामी.

परवा भाचीला घेऊन नांदेडात पुस्तकं घ्यायला गेलो. ती भाग्यनगरकडं कॉटबेसिसवर राहते, रिपीटर आहे. दुकानदारापुढं मी माझ्या काळातलं पहिलं वाक्य टाकलं, "सेकंडहँड आहेत का?" त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "हायेत की. पण कोणत्या सालचं पाहिजे ते सांगा. बावीसच्या आधीचं, चोवीसच्या नंतरचं, का मधलं?" ज्वारीच्या बियाण्याला विचारतात तसं त्यानं साल विचारलं.

भाचीचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. "मामा, एनसीईआरटी नवीन घ्यायची, ती स्वस्तच आहे. बाकी सगळं जुनं." नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे आणि त्यातला मोठा भाग एनसीईआरटीच्या ओळींवरून येतो, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. मागच्या वर्षांचे पेपर तिनं मोबाइलवरून उतरवून झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बाजूंनी छापून, स्पायरल लावून आणले होते. क्लासचे मॉड्यूल फीमध्ये आलेच होते, ढीगभर. राज्याच्या सीईटीचा फॉर्मही भरलाय, फार्मसी किंवा अ‍ॅग्री हाताशी असावी म्हणून. तिथं बालभारतीचं पुस्तक लागतं, बारावीचा ८० टक्के आणि अकरावीचा २० टक्के भार. म्हणजे एकाच पेशीविभाजनासाठी दोन पुस्तकं. कमी पैशात तयारी करणाऱ्या घराला खरा खड्डा इथं पडतो, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

फुकट मात्र आता पुष्कळ आहे, हे मान्यच करायला हवं. एनसीईआरटी आणि बालभारती दोघांचीही पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत उतरवता येतात. तिच्या मैत्रिणीला राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेकडून टॅब मिळाला आणि रोजचा डेटाही. आमच्या वेळी लातूरच्या एका पेपरासाठी आठवडाभर वाट पाहावी लागायची, तिला एका दुपारी सहा क्लासच्या टेस्ट येतात. मी विचारलं, "यातलं सोडायचं काय, हे कोण सांगतं?" ती म्हणाली, "कुणीच नाही. सगळे म्हणतात हे महत्त्वाचं आहे." माझ्या मते आजच्या मुलाला पैसे पुस्तकांसाठी नाही, या एका उत्तरासाठी मोजावे लागतात, आणि क्लासवाले तेच विकतात.

दुकानात एच. सी. वर्मांच्या फिजिक्सच्या पुस्तकाचे दोन भाग होते. मला मोह झाला. आमच्या खोलीवर हे पुस्तक असणं ही इभ्रत होती. उघडलं किती, हा वेगळा विषय. भाचीनं माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवलं. "मामा, हे जेईईवाल्यांना. मला सोडवायचे प्रश्न पाहिजेत, शोभेचं पुस्तक नाही." शेवटी पिशवीत आलं एवढंच : एनसीईआरटीचे संच, बायोलॉजीचं एक जुनं प्रश्नपुस्तक आणि फिजिक्सचं एक नवं, कारण फिजिक्सचं जुनं पुस्तक लोक विकतात ते न सोडवताच विकतात, त्यात काही शिकण्यासारखं राहिलेलं नसतं, असं तिचं म्हणणं.

बायोलॉजीच्या त्या जुन्या पुस्तकाचं पहिलं पान मी सवयीनं उघडलं. नाव एकच होतं, ते हायलायटरनं झाकलेलं. आत मात्र मराठी पेन्सिल सापडली. पुष्पसंरचनेच्या धड्यात कुणीतरी एका कुळाच्या आकृतीशेजारी 'ही आपल्या शेतातली तूर' असं लिहून ठेवलं होतं. दुकानदारानं त्या पानांसाठी किंमत कमी करायची तयारी दाखवली, पुस्तक खराब झालंय म्हणून. भाचीनं काही न बोलता ते पुस्तक आधी पिशवीत टाकलं, मग भाव केला.

पुढच्या वर्षी हा संच विकायचा तिचा बेत आहे. मी म्हटलं, आत्ताच विक, अकरावी-बारावीची नवी पुस्तकं येणार अशी बोलवा आहे. ती म्हणाली, "मेमध्ये पेपर आहे मामा, तोवर तर पाहिजेत." मग खोलीवरच्या मुलींच्या ग्रुपवर तिनं जाहिरात आजच टाकून ठेवली : पूर्ण संच, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ताबा, बायोलॉजी खुणांसह, फिजिक्स जवळपास नवीन. संध्याकाळपर्यंत हदगावच्या एका मुलीचा निरोप आला. बायोलॉजी कितीला, एवढंच तिनं विचारलं होतं.