‘डेटा’ म्हणजे दिलेलं

‘डेटा’ आपण रोज म्हणतो, पण तो मुळात लॅटिन व्याकरणातला प्रकार आहे. ‘दरे’ म्हणजे देणं, त्याचं कर्मणी धातुसाधित ‘दतुम’, म्हणजे दिलेलं, अनेकवचन ‘दता’. विशेषणच पुढे नाम होऊन बसलं. संस्कृतमधलं ‘दत्त’ याच कुळातलं, त्यावरूनच आपला ‘दत्तक’. युक्लिडच्या एका ग्रंथाचं लॅटिन नावही ‘डेटा’. शाळेत प्रमेय सोडवताना आपण ‘पक्ष’ लिहायचो ना, तेच.

अरबीतही हेच चालतं. मजकूर म्हणजे उल्लेखलेलं, महसूल म्हणजे मिळवलेलं. दोन्ही कर्मणी धातुसाधितं, आणि मराठीत इतकी मुरलेली की कुणी त्यांचा धर्म विचारत नाही!

कर्मणी रूपात कर्ता गळतो. भूमितीत त्याने बिघडत नाही. कोन कुणी दिला, कशाला विचारायचं? पण परवा मुलीच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरत होतो. धर्म, मोबाइल, वडिलांचं उत्पन्न, अंगठ्याचा ठसा. एक रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे सरकेना. मुलगी म्हणाली, “अब्बा, भरा ना, आज शेवटची तारीख आहे.” भरलं. याला ‘दिलेलं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘महसूल’ म्हटलं असतं तर निदान घेणारा दिसला असता.