इशारा पातळी

कर्करोग म्हटलं की कापायचा, नाहीतर जाळायचा, एवढंच आपण ऐकत आलेलो. त्यामुळे "सध्या उपचार नको, लक्ष ठेवू" हा सल्ला घरात कोणाला पटेना. "अहो, आहेही म्हणतात आणि असू द्याही म्हणतात, हे कसलं औषध?" असा हिचा सवाल. अष्टमी गावातल्या आमच्या आळीचंही मत तिच्याच बाजूचं.

माझ्या प्रोस्टेटच्या बायॉप्सीत ग्लीसन स्कोर तीन अधिक तीन, म्हणजे सहा आला. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६०च्या दशकात पेशींच्या ठेवणीवरून ही मोजणी मांडली. आज अहवालात कर्करोग लिहायचा तर सहाच्या खाली सहसा कोणी जात नाही. हा सहा इतका संथ, की त्याला कर्करोग म्हणावं का, यावरच तज्ज्ञांत वाद आहे.

ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: लक्ष ठेवणं, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली आले. या रोगाने दगावलेले तिन्ही गटांत दोन ते तीन टक्क्यांच्या आसपासच. मात्र रोग शरीरात पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्यांत ९.४ टक्के आणि बाकीच्या दोन्ही गटांत पाचाच्या आसपास होतं. त्यात माझ्याहून जास्त जोखमीचेही काही होते, तरी हा आकडा नजरेआड करता येत नाही.

दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाण्याची आणि शरीरसंबंध अवघड होण्याची भीती. रेडिएशनने आतड्यांनाही त्रास होऊ शकतो. पुरुष हे कट्ट्यावर बोलत नाहीत, घरातही नाही. निर्णय मात्र पुष्कळदा याच न बोललेल्या गोष्टींवर ठरतो.

आमच्या कुंडलिका नदीच्या काठच्या माणसाला इशारा पातळी आणि धोका पातळी यांतला फरक शिकवावा लागत नाही. पाणी पहिल्या खुणेला लागलं म्हणून कोणी घर सोडत नाही, पण त्या रात्री कोणी गाढ झोपतही नाही. लक्ष ठेवणं हे असं जागं राहणं आहे: ठरावीक काळाने पीएसएची रक्ततपासणी, मधून एमआरआय, पुन्हा बायॉप्सी, आणि त्यासाठी मुंबईची वारी.

म्हणूनच हा सल्ला सरसकट सगळ्यांना देता येणार नाही. दुखलं तरच दवाखाना गाठायचा, ही आपल्याकडची रीत. आणि हा रोग सुरुवातीला दुखतच नाही. आपल्याकडे कित्येकांना तो हाडांत पोचल्यावरच कळतो. ज्याच्याकडून तपासण्यांच्या तारखा पाळल्या जाणार नाहीत, त्याने वेळेत उपचार घेतलेले बरे. पेशी कशा आहेत याइतकंच माणूस कसा आहे, हेही पाहावं लागतं.

त्या अभ्यासात लक्ष ठेवलेल्यांपैकी ६१ टक्के जणांनी पंधरा वर्षांत उपचार घेतलेच. माझ्याही अहवालात उद्या तीनाच्या जागी चार दिसला, तर कदाचित मीही शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईन. तेव्हा आळीतलं कोणीतरी म्हणेल, "आधीच करायचं होतंत." मी म्हणेन, मधली वर्षं धडधाकट गेली, आणि लक्ष ठेवलं होतं म्हणूनच वेळ आल्याचं कळलं.