पाबळ : पद्ममणी तीर्थ आणि विज्ञान आश्रम

पुण्याहून पाबळला जाण्याच्या दोन वाटा आहेत. नाशिक रस्त्याने राजगुरुनगर गाठून पूर्वेकडे वळावे, किंवा नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत जाऊन उत्तरेची वाट धरावी. अंतर सुमारे ६० किलोमीटर. कोणत्याही वाटेने गेले तरी अखेरचा टप्पा सारखाच : उघडे माळ, बाभळी, मधूनच विहिरीच्या आधाराने हिरवा राहिलेला शेताचा तुकडा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस शिरूर तालुक्याच्या या भागात पोहोचेपर्यंत ओसरलेला असतो. पाण्याची वाण हेच या प्रदेशाचे जुने दुःख.

जैन कुटुंबांना पाबळ परिचित आहे ते श्री पद्ममणी तीर्थामुळे. सहावे तीर्थंकर श्री पद्मप्रभस्वामी येथे मूलनायक आहेत. कमळ हे त्यांचे लांछन. रुक्ष माळावरच्या गावी कमळाचे चिन्ह मिरवणारे तीर्थ असावे, याचे यात्रेकरूला सुखद नवल वाटते. पहाटे निघालेली कुटुंबे दर्शन-पूजा आटोपतात, भोजनशाळेत प्रसन्न मनाने जेवतात आणि दुपारी परत फिरतात. इतिहासाची आवड असणारे गावातील मस्तानीच्या समाधीपाशी क्षणभर थांबतात. याच गावाच्या वेशीबाहेर असलेल्या विज्ञान आश्रमाकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात. घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल असेल, तर ही चूक करू नये.

विज्ञान आश्रमाची स्थापना १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी केली. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात दीर्घकाळ काम केलेले हे शास्त्रज्ञ. मुंबईतील स्थैर्य सोडून त्यांनी सपत्नीक पाबळचा माळ निवडला आणि २००३ साली देहावसान होईपर्यंत ते येथेच राहिले. त्यांचा विचार साधा होता. मूल बोलायला आणि चालायला शिकते ते व्याकरणाचे पुस्तक वाचून नव्हे. करून, चुकून, पुन्हा करून शिकते. मग शाळेत पाऊल टाकताच हात बांधून का बसवावे? जे मूल पुस्तकात मागे पडते, त्याची बुद्धी मंद आहे असे नव्हे. तिला शिरायला दार मिळालेले नाही.

व्यापारी घराण्यांना हा विचार परका वाटू नये. पेढीवरचे शिक्षण पिढ्यानपिढ्या असेच झाले. मुलाला आधी गादीच्या कडेला बसवायचे, माल ओळखायला लावायचे, मग रोजमेळ लिहायला द्यायचा, आणि बेरीज चुकली तर दिवा लागल्यावरही उठू द्यायचे नाही. व्याजाचे त्रैराशिक कोणी फळ्यावर शिकवले नाही, खतावणीने शिकवले. कलबागांनी हीच रीत विज्ञानाला लावली. पेढीच्या जागी कार्यशाळा आली, एवढाच फरक.

येथील एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम ग्रामीण तंत्रज्ञानाचा आहे. दहावीची पायरी न चढलेल्या मुलालाही त्याचे दार बंद नाही. त्याचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. मुले वेल्डिंग करतात, विजेची जोडणी करतात, मातीची आणि रक्ताची तपासणी शिकतात, आणि केलेल्या कामाचा खर्चही स्वतःच मांडतात. लोखंड किती लागले, मजुरी किती, नासधूस किती, हे लिहिल्याखेरीज काम पुरे होत नाही.

आवारात शिरताच नजर जाते ती घुमटाकार घरांकडे. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकमेकांना जोडून सांगाडा उभारायचा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा द्यायचा. त्रिकोणच का, हे मुलांना भूमितीच्या पुस्तकातून सांगावे लागत नाही. चार पट्ट्यांची चौकट खिळ्यांनी जोडून कोपऱ्यावर दाबली, की ती कलंडते. तीन पट्ट्यांची चौकट हलत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्या भागात असे घुमट उभारले गेले, ते याच गुणामुळे.

पाण्याची वाण हाही येथे धडाच झाला. जमिनीत ठरावीक अंतरावर चार सळया रोवतात. बाहेरच्या दोन सळयांतून विजेचा प्रवाह सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधील दाब मोजतात. ओला थर वीज सहज वाहू देतो, कोरडा खडक अडवतो. सळयांमधील अंतर वाढवावे, तसा अधिक खोलीचा अंदाज येतो. मोजलेले आकडे आलेखावर मांडून भूगर्भातील पाण्याचा ठाव घेण्याची ही विद्या येथील मुलांनी आत्मसात केली. ज्या गुणोत्तराची वर्गात धास्ती वाटे, त्यावर आता शेतकऱ्याच्या विहिरीचा पैसा अवलंबून असे. जबाबदारी आली, तशी धास्ती गेली.

२००२ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या सहकार्याने येथे फॅब लॅब सुरू झाली. आज जगभर पसरलेल्या अशा प्रयोगशाळांपैकी ही अगदी पहिल्यांतली. संगणकावर काढलेली आकृती यंत्र लाकडातून वा प्लॅस्टिकमधून हुबेहूब कापून देते. सकाळी मनात आलेली कल्पना संध्याकाळी हातात धरता येते. आश्रमाने आपली पद्धत अनेक शाळांतही नेली आहे. तेथे आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस पुस्तके मिटून हातांनी काम करतात.

येथे श्रावकाच्या मनात एक शंका उभी राहील. शास्त्रांनी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली. अग्नीचे, खोदकामाचे, वनतोडीचे धंदे हिंसेमुळे दूर ठेवले. त्यामुळेच अनेक घराणी व्यापाराकडे वळली. मग मुलांनी भट्टी आणि यंत्र यांची ओळख का करून घ्यावी? पण त्याच परंपरेत भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, असेही सांगितले आहे. वाणिज्य त्यांतील एक; शिल्पही त्यांतीलच. शिवाय जयणा पाळायची, तर वस्तू कशी चालते हे कळले पाहिजे. सौर वाळवणी यंत्राचे उदाहरण घ्यावे. झाकलेल्या पेटीत सूर्याने तापलेली हवा खेळते, सरपण जळत नाही आणि पदार्थावर कीटक पडत नाहीत. कमी हिंसेची अशी साधने ज्यांना अहिंसेची चाड आहे, त्यांच्याच मुलांनी घडवायला हवीत. पशुपालन विभागातील काही कामे मात्र जैन घरातील मुलाला रुचणार नाहीत. त्याविषयी प्रवेशापूर्वी मोकळेपणाने बोलून घ्यावे.

समाजाला असा आदर्श नवा नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी देशात बनाव्यात म्हणून कारखाने उभारले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करते. व्यापाराचा हिशेब आणि यंत्राची जाण एका ठिकाणी आली, म्हणून ते घडले.

तरीही बहुतेक घरांत दहावीचा निकाल मनासारखा लागला नाही, की एकच वाक्य ऐकू येते : दुकानात बसवा. मोडलेला पंखा उघडून पाहणारे मूल मग गल्ल्यावर कंटाळत बसते, आणि मुलगी असेल तर तिला तेवढेही विचारले जात नाही. घरचा धंदा दोघांची वाट पाहू शकतो. पंधराव्या वर्षीचे कुतूहल फार काळ थांबत नाही.

म्हणून पद्ममणीच्या पुढील यात्रेत दोन-तीन तास अधिक राखून ठेवावेत. आश्रमाला आधी कळवून भेटीची वेळ ठरवावी, सुट्टीचा वार टाळावा आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. भोजनशाळेत वडीलधाऱ्यांच्या नावे तिथी लिहविण्याची रीत सुंदर आहे. त्याच भावनेने एखाद्या कुटुंबाने गावातील गरजू मुलाच्या किंवा मुलीच्या वर्षभराच्या शिक्षणाचा भार उचलला, तर ज्ञानदानाचे पुण्य निराळे शोधावे लागणार नाही. परतीच्या वाटेवर गाडीत मूल काय बोलते, ते मात्र लक्ष देऊन ऐकावे. त्याच्या पुढच्या वर्षाचा निर्णय बहुधा त्या बोलण्यातच सापडेल.